औषध तेच, कंपनी वेगळी?

औषधाच्या दुकानात आपण सर्वांनी एक वाक्य ऐकलेले आहे. चिठ्ठीवरच्या नावाची पट्टी संपलेली असते. दुकानदार दुसऱ्या नावाची पट्टी पुढे सरकवतो आणि म्हणतो, "औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी." तापाच्या गोळीच्या बाबतीत आपण हे वाक्य मुकाट्याने मान्य करतो आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतो. पण नैराश्यावरची गोळी रोज, महिनोन्‌महिने घेणारी एखादी व्यक्ती जेव्हा सांगते, "कंपनी बदलल्यापासून मला पुन्हा झोप येत नाही, डोके दुखते, मन बसते", तेव्हा काय करायचे? घरचे म्हणतात, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." शेजारी म्हणतात, "स्वस्त औषध म्हणजे निकस औषध." दोघेही अगदी ठामपणे बोलतात. दोघांपैकी कोणीही काहीही तपासलेले नसते.

या लेखात आम्ही त्या दुकानदाराच्या वाक्याचेच परीक्षण करणार आहोत. त्यासाठी दोन देशांतल्या दोन खऱ्या घटना घेतल्या आहेत. पहिली अमेरिकेतली, दुसरी न्यूझीलंडमधली. दोन्हींत नैराश्यावरच्या औषधाचा उत्पादक बदलला आणि दोन्हींत रुग्णांनी तक्रारी केल्या. मात्र दोन्हींचा निष्कर्ष एक नाही, आणि म्हणूनच त्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

'तेच' म्हणजे काय?

एखादे नवे औषध शोधणाऱ्या कंपनीला त्याचा गुण आणि सुरक्षितता हजारो रुग्णांवर सिद्ध करावी लागते. पेटंटची मुदत संपली की इतर कंपन्या तेच औषधद्रव्य बनवू शकतात. ही जेनेरिक औषधे. त्यांनी पुन्हा हजारो रुग्णांवर प्रयोग करावेत, अशी अपेक्षा नसते. ती योग्यही नाही, कारण औषधद्रव्याचा गुण आधीच ठरलेला असतो. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने या मार्गाची घडी बसवली आणि आज तिथल्या दर दहा चिठ्ठ्यांपैकी सुमारे नऊ चिठ्ठ्यांवर जेनेरिक औषध दिले जाते. औषध सामान्य माणसाच्या खिशाला परवडते ते बव्हंशी या व्यवस्थेमुळे. तेव्हा पुढचे सारे वाचताना ही गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये.

मग जेनेरिक कंपनीने सिद्ध काय करायचे? आपली गोळी घेतल्यावर रक्तात औषध तेवढेच आणि तेवढ्याच वेगाने उतरते, एवढेच. यालाच जैवसमतुल्यता म्हणतात. साधारणतः दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवक घेतात. प्रत्येकाला एकदा मूळ गोळी देतात, मध्ये शरीर स्वच्छ होण्यापुरते दिवस जाऊ देतात आणि मग जेनेरिक गोळी देतात. कोणाला कोणती आधी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. दोन्ही वेळा ठरावीक अंतराने रक्त काढून औषधाचे प्रमाण मोजतात आणि वेळेविरुद्ध त्याचा आलेख काढतात. आलेख चढतो, शिखर गाठतो आणि उतरतो. त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या: शिखराची उंची आणि आलेखाखालचे क्षेत्रफळ. उंची सांगते की एका वेळी रक्तात जास्तीत जास्त किती औषध होते. क्षेत्रफळ सांगते की एकूण किती औषध शरीराला मिळाले.

या पद्धतीचे एक सौंदर्य शिक्षकांच्या लक्षात येईल. इथे रामची तुलना श्यामशी होत नाही. रामची तुलना रामशीच होते. माणसामाणसांतला फरक असा बाजूला काढल्यामुळे थोड्या लोकांतही दोन गोळ्यांमधला फरक उघडा पडतो.

८० ते १२५

आता सर्वाधिक गैरसमज असलेला आकडा. जेनेरिक आणि मूळ औषध यांचे गुणोत्तर ८० टक्के ते १२५ टक्के या मर्यादेत हवे, असा नियम आहे. यावरून वृत्तपत्रांत सर्रास लिहिले जाते की जेनेरिक गोळीत औषध वीस टक्के कमी किंवा पंचवीस टक्के जास्त असले तरी चालते. हे चूक आहे. गोळीत औषध किती भरायचे याचा नियम वेगळा आणि बराच कडक आहे. ८० ते १२५ ही मर्यादा रक्तातल्या मापांची आहे. तीही नुसत्या सरासरीला लावत नाहीत. सरासरीभोवती अनिश्चिततेचा जो पट्टा असतो, म्हणजे संख्याशास्त्रातला ९० टक्क्यांचा विश्वासांतराल, तो पट्टा सबंधच्या सबंध या दोन कुंपणांच्या आत बसला पाहिजे. सरासरी ८२ वर असेल तर पट्ट्याचे खालचे टोक बहुतेक वेळा ८० च्या खाली जाते आणि औषध नापास होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातल्या २०७० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा शिखराच्या उंचीत सरासरी फरक ४.३५ टक्के आणि क्षेत्रफळात ३.५६ टक्के निघाला.

(कुंपण एका बाजूला वीसवर आणि दुसऱ्या बाजूला पंचवीसवर का, असा प्रश्न वर्गात हमखास येईल. ही गुणोत्तरे आहेत. ०.८ ला १.२५ ने गुणले की १ येतो. एक औषध दुसऱ्याच्या चारपंचमांश असेल, तर दुसरे पहिल्याच्या पाचचतुर्थांश असते. म्हणजे कुंपण दोन्ही बाजूंना सारखेच दूर आहे, फक्त ते बेरजेच्या नव्हे तर गुणाकाराच्या मापाने.)

नियम एकंदरीत समंजस आहे. पण त्यात तीन फटी आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिली फट अशी की शिखर किती वाजता आले, याला हे कुंपण लावलेले नाही. एका गोळीचे शिखर लवकर आणि दुसरीचे उशिरा आले तरी उंची व क्षेत्रफळ जुळल्यास गोळी पास होऊ शकते. दुसरी फट सरासरीची आहे. वर्गाची सरासरी दोन्ही सत्रांत साठ आली, म्हणजे प्रत्येक मुलाला दोन्ही सत्रांत तेवढेच गुण पडले असे होत नाही. तिसरी फट आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ औषधाशी होते. दोन जेनेरिकांची एकमेकांशी होत नाही. अ बरोबर ब आणि ब बरोबर क, म्हणून अ बरोबर क, हे आपण शिकवतो ते खऱ्या बरोबरीबद्दल. 'जवळजवळ बरोबर' असेल तर हा नियम टिकत नाही. एका जेनेरिकचे माप ९४ आणि दुसऱ्याचे १०६ असेल तर दोन्ही मूळ १०० च्या जवळ आहेत. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या रुग्णाला तेरा टक्क्यांची उडी बसते. बहुतेक औषधांत एवढ्या उडीने काहीही बिघडत नाही. पण ते आधी गृहीत धरणे वेगळे आणि तपासून पाहणे वेगळे.

अमेरिकेतले प्रकरण

ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचे औषध अमेरिकेत १९८५ मध्ये 'वेलब्युट्रिन' या नावाने मंजूर झाले. जास्त मात्रेत काही रुग्णांना फिट येतात असे दिसल्याने १९८६ मध्ये ते बाजारातून काढले गेले आणि मात्रेची मर्यादा कमी करून १९८९ मध्ये परत आले. फिटचा हा धोका लक्षात ठेवावा. पुढच्या सगळ्या कथेचे मूळ त्यात आहे. २००३ मध्ये या औषधाची दिवसातून एकदाच घ्यायची, सावकाश विरघळणारी गोळी आली. तिचे नाव 'वेलब्युट्रिन एक्सएल'. डिसेंबर २००६ मध्ये तिच्या ३०० मिलिग्रॅम गोळीचे जेनेरिक रूप मंजूर झाले. इम्पॅक्स या कंपनीने बनवलेली आणि टेवा या कंपनीने विकलेली ती गोळी म्हणजे 'ब्युडेप्रिऑन एक्सएल ३००'.

दोन्ही गोळ्यांत औषधद्रव्य एकच होते. ते सावकाश सोडण्याची युक्ती मात्र वेगळी होती. मूळ गोळीत औषधाभोवती पापुद्रा होता आणि त्यातून ते झिरपत बाहेर येई. जेनेरिक गोळीत औषध एका गाभ्यात कालवलेले होते आणि गाभ्यातून हळूहळू सुटत होते. मूळ युक्तीवर वेगळी पेटंटे असतात, त्यामुळे जेनेरिक कंपनीला बहुधा दुसरी वाट शोधावी लागते.

गोळी बाजारात येताच तक्रारी सुरू झाल्या. जानेवारी ते जून २००७ या सहा महिन्यांत औषध प्रशासनाकडे अशा ८५ नोंदी आल्या. मूळ गोळीवरून या गोळीवर आल्यापासून नैराश्य परत आले, डोके दुखते, मळमळते, झोप येत नाही, चिडचिड होते, असे त्यांत होते. काही रुग्णांनी पुन्हा मूळ गोळी सुरू केल्यावर बरे वाटल्याचेही नोंदवले होते. जो आणि टेरी ग्रेडन हे औषधांविषयी लिहिणारे दांपत्य आपल्या सदरातून अशा तक्रारी जमा करत होते. त्यांच्या सहकार्याने कन्झ्युमरलॅब या खाजगी तपासणी संस्थेने दोन्ही गोळ्या प्रयोगशाळेत द्रवात विरघळवून पाहिल्या. पहिल्या दोन तासांत मूळ गोळीतून ८ टक्के औषध बाहेर आले, जेनेरिकमधून ३४ टक्के.

२००८ चा खुलासा

एप्रिल २००८ मध्ये औषध प्रशासनाने आपला खुलासा प्रसिद्ध केला. आमच्या टीकेचा मुख्य रोख या खुलाशावर आहे. खुलासा मूर्खपणाचा नव्हता, म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

त्याचा युक्तिवाद असा होता. नैराश्य हा उलटणारा आजार आहे. औषध चालू असतानाही काही रुग्णांचा आजार बळावतो. लाखो लोकांची गोळी एकाच सुमारास बदलली, तर त्यांतल्या काहींचा आजार योगायोगाने त्याच दिवसांत उलटणार आणि ते दोष नव्या गोळीला देणार. शिखराच्या वेळेत थोडा फरक आहे, पण त्याने बिघडत नाही. म्हणून दोन्ही गोळ्या समतुल्य आहेत.

यातला पूर्वार्ध आम्हांला पूर्ण मान्य आहे आणि तो प्रत्येक विज्ञानशिक्षकाने वर्गात सांगावा असा आहे. समजा, एक लाख माणसांनी गोळी बदलली आणि दर महिन्याला शंभरात एकाचा आजार एरवीही उलटतो. मग गोळीत काडीचाही फरक नसताना पहिल्याच महिन्यात एक हजार माणसे म्हणतील, "गोळी बदलली आणि मी आजारी पडलो." त्यातला प्रत्येकजण खरे बोलत असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे हजार वेळा होईल. तेव्हा ८५ तक्रारींवरून गोळी सदोष ठरत नाही, हे प्रशासनाचे म्हणणे बरोबर होते.

पण गोळी निर्दोष आहे, हेही त्यावरून ठरत नाही. तक्रारी योगायोगाने आल्या असू शकतात, एवढेच या युक्तिवादाने सिद्ध होते. 'असू शकतात' वरून 'आहेत' वर उडी मारली की विज्ञान संपते आणि वकिली सुरू होते. शिवाय परत मूळ गोळी घेतल्यावर बरे वाटले, ही नोंद साध्या योगायोगाच्या पलीकडची होती. ती पुरावा नव्हती. पण तपास कुठे करावा, हे ती बोट दाखवून सांगत होती.

आणि तपास कुठे करायचा हे प्रशासनाला ठाऊक होते, कारण फट त्यांच्याच कागदपत्रांत होती. ३०० मिलिग्रॅमची ती गोळी माणसांवर कधी तपासलीच गेली नव्हती.

त्रैराशिकाचा मोह

फिटच्या धोक्यामुळे निरोगी स्वयंसेवकांना मोठी मात्रा देऊ नये, अशा विचाराने जैवसमतुल्यतेची चाचणी १५० मिलिग्रॅमच्या गोळीवर करण्यात आली. ती पास झाली. ३०० ची गोळी त्याच घटकांची, त्याच प्रमाणात बनवलेली. म्हणून तीही पास धरली गेली. हे सरळ त्रैराशिक झाले.

त्रैराशिक शिकवताना आपण मुलांना एक इशारा देतो, निदान द्यायला हवा. एक मजूर खड्डा दहा दिवसांत खणतो, तर दहा मजूर एका दिवसात खणतील. मग हजार मजूर किती मिनिटांत खणतील? गणित उत्तर देते, खड्डा देत नाही, कारण हजार माणसे त्या खड्ड्यात मावतच नाहीत. प्रमाण कुठवर चालते हे प्रमाणाच्या सूत्रात लिहिलेले नसते.

गोळीचेही तसेच. आकार तोच ठेवून गोळीचे घनफळ दुप्पट केले तर पृष्ठफळ दुप्पट होत नाही. ते सुमारे १.५९ पट होते. औषध द्रवात सुटते ते पृष्ठभागातून. म्हणजे मोठ्या गोळीत प्रत्येक मिलिग्रॅम औषधाच्या वाट्याला पृष्ठभाग कमी येतो. ब्युडेप्रिऑनच्या बाबतीत नेमके हेच बिघडले असा आमचा दावा नाही. पण 'दीडशेचे तेच तीनशेचे' हे गृहीत धरण्याआधी थबकायला लावणारी ही एक शालेय पातळीवरची गोष्ट आहे. १५० ची गोळी सिद्ध झाली होती. ३०० ची मानली गेली होती. बाजारात मात्र दोन्हींवर समतुल्यतेचा एकच शिक्का होता. आमच्या मते खरी चूक इथे आहे. मानणे भाग होते, हे समजू शकते. पण 'हे आम्ही मोजलेले नाही, मानले आहे' असे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठळकपणे सांगायला हवे होते.

२०१२

प्रशासनाने कंपनीला ३०० च्या गोळीची चाचणी करायला सांगितले. ज्यांना त्रास झाला होता अशा रुग्णांवर ती व्हायची होती. पुरेसे रुग्ण मिळेनात म्हणून २०११ मध्ये ती बंद पडली. दरम्यान २०१० मध्ये प्रशासनाने स्वतःच चाचणी हाती घेतली होती, २४ निरोगी स्वयंसेवकांवर. तिचे निष्कर्ष २०१२ च्या ऑगस्टमध्ये हाती आले. नव्या गोळीने रक्तातले शिखर मूळ गोळीच्या जेमतेम ७५ टक्के गाठले होते. ८० च्या कुंपणाबाहेर! ३ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रशासनाने जाहीर केले की ही गोळी मूळ गोळीशी समतुल्य नाही. ती बाजारातून गेली. ३०० ची गोळी बनवणाऱ्या इतर चार कंपन्यांनाही चाचण्या करायला सांगण्यात आले. त्यांतल्या वॉटसन या कंपनीची गोळी नापास होऊन २०१३ मध्ये मागे घेतली गेली. उरलेल्या तीन पास झाल्या.

पहिल्या तक्रारीपासून साडेपाच वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्या काळात किती माणसांना 'तुमचा आजारच तसा आहे' असे सांगितले गेले असेल! नैराश्याच्या रुग्णाचे हे दुहेरी दुर्दैव आहे. मधुमेहाच्या रुग्णाने गोळी लागू पडत नाही म्हटले तर त्याची रक्तशर्करा मोजतात. नैराश्याच्या रुग्णाने तसे म्हटले तर त्याचे म्हणणे हेच त्याच्या आजाराचे लक्षण ठरते. त्याच्यापाशी दाखवायला मीटर नसतो, शब्दच असतात.

मात्र टीका एकाच बाजूवर करून भागणार नाही. तक्रारकर्त्यांचे 'काय' बरोबर निघाले, 'का' अवघड निघाले. त्या काळात लोकप्रिय झालेले स्पष्टीकरण असे होते की नवी गोळी औषध भसकन सोडते, म्हणून त्रास होतो. काचपात्रातल्या ३४ टक्क्यांनी त्याला बळ दिले. पण भसकन सोडणाऱ्या गोळीचे रक्तातले शिखर उंच असायला हवे. प्रत्यक्षात ते ठेंगणे निघाले. म्हणजे काचपात्रातला प्रयोग आणि शरीरातली वाटचाल यांचे सरळ नाते जुळले नाही. औषध परत निष्प्रभ झाल्याच्या तक्रारींशी ठेंगणे शिखर जुळते. डोकेदुखी, चिडचिड यांचा उलगडा त्याने पुरता होत नाही. अनुभव खरा असला तरी अनुभवाचे पहिले स्पष्टीकरण खरे असेलच असे नाही, हा धडा दोन्ही पक्षांनी घ्यावा.

आता दुसरी बाजू

अमेरिकेची कथा इथेच थांबवली तर वाचक म्हणतील, "बघा, स्वस्त औषधे अशीच!" म्हणून न्यूझीलंडला जाऊ.

तिथे देशासाठी औषधे निवडण्याचे काम फार्मॅक ही सरकारी संस्था करते. २०१७ मध्ये नैराश्यावरच्या व्हेन्लाफॅक्सिन या औषधाच्या बाबतीत ठरले की सरकारी खर्चाने यापुढे एकच जेनेरिक मिळेल, 'एन्लाफॅक्स' नावाचे. काही रुग्ण मूळ औषधावरून त्यावर आले, काही आधीच्या जेनेरिकवरून. व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जाते. एखादी मात्रा चुकली तरी पुष्कळांना चक्कर येते, अंगातून वीज गेल्यासारखे वाटते. तेव्हा गोळी बदलल्यावर शंका घ्यायला जागा होती.

पुढे नव्या औषधाच्या त्रासाविषयी बातम्या झळकल्या. संशोधकांनी अनिष्ट परिणामांची राष्ट्रीय नोंद काढून बातम्यांच्या आधीचा आणि नंतरचा काळ ताडून पाहिला. २०१९ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. बातम्यांनंतर तक्रारी एकदम वाढल्या होत्या, आणि बातम्यांत ज्या त्रासांचा उल्लेख आला होता तेच त्रास विशेष वाढले होते. गोळी बातमीच्या आधी तीच होती आणि नंतरही तीच होती. बदलली होती ती अपेक्षा.

या परिणामाला नोसीबो म्हणतात. औषध नसलेल्या गोळीनेही बरे वाटते तो प्लासीबो, आणि अपायाच्या नुसत्या अपेक्षेने अपाय जाणवतो तो नोसीबो. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. नोसीबोने होणारी डोकेदुखी खोटी नसते. ती खरोखर दुखते. फक्त तिचे कारण गोळीतल्या द्रव्यात नसते. "मनाचे खेळ" म्हणून ती उडवून लावणे हे शास्त्रीयही नाही आणि माणुसकीचेही नाही. गोळीचा रंग वा आकार बदलला तरी परिणाम होतो. फिटच्या औषधांवरच्या २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात गोळीचा रंग बदलल्यावर रुग्णांनी औषध वेळेवर परत न नेण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. द्रव्य तेच असून औषध चुकले, तर त्रास होणारच.

ब्युप्रोपिऑनच्या कथेचाही शेवट सांगायला हवा. सदोष गोळ्या गेल्यानंतर नैराश्याच्या रुग्णांवर मूळ औषध आणि उरलेली जेनेरिके यांची तुलना करणारी एक चाचणी झाली. कोणती गोळी चालू आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. रक्तातही फरक नव्हता आणि लक्षणांतही नव्हता.

म्हणजे एकच तक्रार, 'कंपनी बदलली आणि त्रास सुरू झाला'. एका ठिकाणी तिच्यामागे गोळीचा दोष निघाला आणि दुसऱ्या ठिकाणी बातमीचा मोठा वाटा निघाला. तक्रार ऐकून यांतले कोणते खरे हे सांगता येत नाही. तक्रारदार शिकलेला आहे की अडाणी, कंपनी मोठी आहे की छोटी, औषध महाग आहे की स्वस्त, यांवरूनही सांगता येत नाही. मोजावेच लागते.

आपल्याकडे

भारतात बहुतेक औषधे जेनेरिकच असतात. फरक एवढाच, की प्रत्येक कंपनी आपल्या गोळीला आपले व्यापारी नाव देते. त्यामुळे 'ब्रँड बदलला' म्हणजे आपल्याकडे बहुधा एका जेनेरिकवरून दुसऱ्या जेनेरिकवर जाणे असते. वर सांगितलेली तिसरी फट इथे रोजची आहे.

चाचणीच्या नियमांत आपल्याकडे मोठी उणीव होती. औषध बाजारात येऊन चार वर्षे झाली की ते 'नवे' राहत नसे, आणि मग राज्य पातळीवर परवाना मिळवताना जैवसमतुल्यता दाखवण्याची सक्ती नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये नियम बदलला. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधद्रव्यांच्या पोटात घ्यायच्या औषधांसाठी ही चाचणी सक्तीची झाली. ब्युप्रोपिऑन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही द्रव्ये पाण्यात सहज विरघळतात. त्यांच्या गोळ्यांत जोखीम असते ती द्रव्य सावकाश सोडण्याच्या युक्तीत. २०१९ च्या नियमांत अशी सावकाश सुटणारी रूपे कायमच 'नवे औषध' धरली आहेत आणि त्यांना केंद्रीय मंजुरी लागते. ही सुधारणा योग्य दिशेची आहे. मात्र त्या आधी ज्यांना परवाने मिळाले त्यांचे काय, हा प्रश्न विचारत राहायला हवा.

आणखी एक नियम वाचकांना उपयोगी पडेल. नैराश्यावरची औषधे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या 'एच' परिशिष्टात येतात. चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे, मग त्यात तेच द्रव्य का असेना, दुकानदाराने परस्पर देणे नियमात बसत नाही. "औषध तेच, कंपनी वेगळी" हे वाक्य औषधशास्त्राच्या दृष्टीने बहुधा खरे असते. या औषधांच्या बाबतीत ते बोलण्याचा अधिकार मात्र डॉक्टरांचा आहे. गोळी बदलली आणि त्रास जाणवला, तर ती आपल्या मनाने बंद करू नये. ते जास्त धोक्याचे. जुन्या आणि नव्या पट्टीवरची नावे, बदलाची तारीख आणि त्रासाची तारीख लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. ८५ नोंदी अशाच कोणीतरी लिहिल्या म्हणून पुढे २४ माणसांचे रक्त तपासले गेले.

वर्गात

हा विषय सातवी-आठवीच्या मुलांपुढे औषधाचे नावही न घेता मांडता येतो. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यावे. एकात दहा ग्रॅम खडीसाखर टाकावी, दुसऱ्यात दहा ग्रॅम पिठीसाखर. ढवळू नये. दर दोन मिनिटांनी वरचे थेंबभर पाणी प्रत्येकाने आपापल्या स्वच्छ चमच्याने चाखून गोडीला शून्य ते पाच गुण द्यावेत आणि आलेख काढावा. साखर तीच, वजन तेच, आलेख मात्र दोन.

दुसऱ्या दिवशी थोडी लबाडी करावी. दोन्ही पेल्यांत तेच साधे पाणी घ्यावे आणि मुलांना सांगावे, "उजव्या पेल्यात किंचित मीठ आहे, ओळखा पाहू." काही हात वर होण्याचा संभव आहे. ती मुले खोटे बोलत नसतील. मग पेल्यांवर फक्त 'क' आणि 'ख' लिहावे, कशात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसावे आणि प्रयोग पुन्हा करावा. आलेले दोन निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

पहिल्या दिवशीच्या प्रयोगात अमेरिकेचे प्रकरण आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात न्यूझीलंडचे. ज्या मुलाने दोन्ही केले आहेत, ते मोठेपणी कोणी "मला त्रास होतो" म्हटल्यावर लगेच "मनाचे खेळ" म्हणणार नाही आणि लगेच "भेसळ" असेही म्हणणार नाही. ते विचारेल, "कोणती गोळी? कधीपासून? आणि कोणी मोजले आहे का?"